मीटरवर १२ व्होल्ट, तरी दिवा बंद

गाडीचा २१ वॉटचा इंडिकेटर लागत नाही. त्याला वीज देणाऱ्या पॉवर स्विच चिपच्या आउटपुटला, बल्ब काढून, मल्टिमीटर लावला तर चक्क १२ व्होल्ट दिसतात. बल्ब लावला की आकडा कोसळतो. बल्ब ठीक, वायर ठीक, म्हणजे चिप उडाली असं ठरवून नवी चिप बसवली जाते. दिवा तरीही लागत नाही.

ते १२ व्होल्ट फसवे असू शकतात. चिप बंद असतानाही तिच्यातून थोडा प्रवाह पाझरतो. बऱ्याच डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओहम असतो. त्यातून अवघा एक मायक्रोअँपिअर गेला तरी मीटर १० व्होल्ट दाखवतो. बल्बला एवढ्याशा प्रवाहाने काय होणार? म्हणून मोजायचं ते लोड जोडलेला ठेवून, आणि बॅटरीवर नव्हे तर थेट चिपच्या पिनांवर. ग्राउंडचा सोल्डर तडकला असेल किंवा बारीक वायरमुळे सप्लाय खाली बसत असेल, तर ते तिथेच कळतं. सप्लाय ठरावीक पातळीखाली गेला की अशा चिपा स्वतःहून बंद होतात.

सगळ्या पिना ठीक निघाल्या, तर संशय बल्बवर घ्यावा. चालू असताना त्याचा रोध सुमारे ७ ओहम असतो आणि प्रवाह पावणेदोन अँपिअर. पण टंगस्टनची तार थंड असताना रोध याच्या साधारण दहाव्या हिश्शावर येतो. म्हणजे पहिल्या क्षणी बल्ब १७-१८ अँपिअर मागतो. चिपच्या लेखी हे शॉर्टसर्किटच! ती प्रवाह अडवते, आणि अडवण्यातच तापते. पूर्ण चालू असताना ३० मिलिओहमच्या चिपमध्ये जेमतेम ०.१ वॉट उष्णता होते. पण १० अँपिअर अडवून धरताना तिच्यावर ६ व्होल्ट पडले, तर तीच उष्णता ६० वॉट. मिलिसेकंदांत सिलिकॉन दीडशे अंशांपलीकडे जातं आणि चिप स्वतःला बंद करते. काही चिपा थंड होऊन पुन्हा प्रयत्न करतात, काही नव्याने आज्ञा मिळेपर्यंत बंदच राहतात. मल्टिमीटरला यातलं काही दिसत नाही, तो सरासरी दाखवतो. ऑसिलोस्कोप लावला की प्रवाहाचे तुटक ठोके स्पष्ट दिसतात.

मला सर्वांत खात्रीची वाटणारी चाचणी स्वस्त आहे. बल्बच्या जागी १० ओहमचा, २५ वॉटचा रेझिस्टर लावावा. त्यातून सुरुवातीपासून १.२ अँपिअरच वाहतो. एवढ्यावर चिप व्यवस्थित चालली, तर ती निर्दोष आहे. सुरुवातीचा धक्का पेलेल अशी मोठी चिप निवडायला हवी होती.

बल्बऐवजी एलईडी लावला तर उलटंच घडतं. प्रवाह इतका कमी होतो की चिपवर नजर ठेवणाऱ्या कंट्रोलरला फिलामेंट तुटल्यासारखं वाटतं, आणि अनेक गाड्यांत इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकू लागतो.