ऊन विका, पाणी राखा

विहिरीला पाणी आहे, पण वीज येते मध्यरात्री. मग घरचा कर्ता माणूस बॅटरी घेऊन अंधारात बांधावर जातो आणि तो परत येईपर्यंत घरातल्या बायकामाणसांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. डिझेलचा पंप घ्यावा, तर पिकाचे निम्मे पैसे डिझेलच पिते की काय असे वाटू लागते. सौर पंपाने ही दोन्ही दुखणी जातात. पाणी दिवसाउजेडी देता येते आणि ऊन फुकट!

पण खरी मेख इथेच आहे. डिझेल जळत असते तेव्हा शेतकऱ्याचे लक्ष घड्याळाकडे असते. उपसा फुकट झाला की पंप बंद करण्याची घाई कोणाला? अशाने विहिरी आणखी खोल जातील.

यावर एक तोड गुजरातमध्ये, खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावाने २०१६ मध्ये करून पाहिली. आधी डिझेलवर पाणी उपसणाऱ्या सहा शेतकऱ्यांनी आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या मदतीने सौर सिंचनाची सहकारी मंडळी काढली. जगातली अशी ही पहिलीच मंडळी मानली जाते. त्यांचे पंप वीज कंपनीच्या तारांना जोडले गेले. भिजवणी आटोपली की उरलेली वीज कंपनीला विकायची. दर ठरला युनिटला ४ रुपये ६३ पैसे, करार २५ वर्षांचा. हरित ऊर्जा आणि पाणीबचत यांसाठी संस्थेने प्रत्येकी सव्वा रुपया बोनसही देऊ केला. त्या बदल्यात शेतकऱ्यांनी सवलतीच्या वीजजोडणीवरचा हक्क सोडला.

हिशेब सोपा आहे. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे ४ युनिट वीज खातो. तो एक तास कमी चालवला, तर बोनस न धरताही साडेअठरा रुपये हाती येतात. म्हणजे वाचवलेल्या पाण्याला भाव आला! ऊन हेही एक नगदी पीक झाले. त्याला ना खत, ना कीड.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये आणलेल्या कुसुम योजनेत तारांना जोडलेल्या आणि स्वतंत्र अशा दोन्ही प्रकारच्या पंपांना जागा मिळाली. स्वतंत्र पंपाची उरलेली वीज मात्र विकता येत नाही. तिथे संयम शेतकऱ्याने स्वतःच पाळायचा. ठिबक बसवले की कमी पाण्यात काम भागते.

पंप कोणताही असो, काही गोष्टी सांभाळल्या तर ऊर्जा वाचतेच. फूटव्हॉल्व गळका नसावा. पाइप पुरेसा रुंद असावा आणि त्याला विनाकारण वळणे नसावीत. गरजेपेक्षा मोठी मोटर घेऊ नये. सौर पॅनेलवरची धूळ सकाळी, काच तापायच्या आत पुसावी. हे काम घरातले कोणीही करू शकते.

ऊन रोज नव्याने येते. जमिनीतले पाणी मात्र पावसाने भरल्याशिवाय भरत नाही. म्हणून सौर पंप घेताना तो किती पाणी ओढतो, हे जसे पाहायचे, तसेच तो केव्हा बंद करायचा, हेही घरात बसून ठरवायचे.