प्रवाळाची टाकी आणि पाण्याचा ताळेबंद

प्रवाळ दिसावयास वनस्पतीसारखा असला तरी तो प्राणी आहे. समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन तो आपला सांगाडा उभारतो. समुद्रात हा साठा अफाट असतो. युरोप-अमेरिकेत मात्र अनेक हौशी लोक घरी काचेच्या टाकीत प्रवाळ वाढवितात. तेथे तो काही दिवसांतच घटू लागतो आणि ही घट तपासणीवाचून कळत नाही.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. अल्कता, म्हणजे आम्ल शमविण्याची पाण्याची क्षमता, सुमारे १२० मिलिग्रॅम असते. ती कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात मोजतात. ग्रामपंचायतीच्या पाणी-तपासणी अहवालातही हेच एकक असते. लिटरमागे ५० मिलिग्रॅम सांगाडा तयार झाला, तर कॅल्शियम अवघे २० मिलिग्रॅमने, म्हणजे पाच टक्क्यांहून कमी घटते. अल्कता मात्र ५० मिलिग्रॅमने, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक उतरते. म्हणून अल्कतेची तपासणी प्रथम व वारंवार करावयाची असते.

ही तपासणी सोपी आहे. मोजून घेतलेल्या पाण्यात दर्शक द्रव्य घालावे, रंग बदलेपर्यंत थेंबाथेंबाने आम्ल सोडावे आणि थेंबांच्या संख्येवरून अल्कता काढावी.

तूट भरून काढण्याचा एक जुना उपाय म्हणजे चुन्याची निवळी. कार्बन डायऑक्साइडच्या परीक्षेसाठी शाळेत वापरतात तीच ही निवळी. पीटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात ती प्रवाळाच्या टाक्यांसाठी प्रचारात आणली. सांगाड्यात ज्या प्रमाणात कॅल्शियम व अल्कता खर्च होते, त्याच प्रमाणात निवळी दोन्ही परत करते. मात्र ती दाहक असून तिचा सामू १२ च्या वर असतो. यास्तव बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याच्या जागी ती थेंबाथेंबाने सोडावी. घाईने भर घातल्यास कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो आणि दिलेले द्रव्य वाया जाते. मोजल्याशिवाय काहीही घालू नये, हाच येथील मुख्य नियम होय.

आपल्या किनाऱ्यावर मालवणच्या परिसरातही प्रवाळ आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक-प्रवाळांचा समावेश असल्याने ते समुद्रातून काढणे हा गुन्हा आहे. सहलीस नेलेल्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी हे अवश्य सांगावे. एका टाकीतील पाण्याचा समतोल राखण्यास एवढे कष्ट पडतात, हे ज्याला उमगले, तो समुद्रातील प्रवाळाला हात लावणार नाही.