भंडाऱ्याचा विद्यार्थी आणि समुद्री जीव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘आपल्याकडे समुद्र कुठे? मग हे शिकून करणार काय?’ समुद्री प्राण्यांच्या देखभालीचं काम शिकायचं म्हणणाऱ्या भंडाऱ्यातल्या मुला-मुलींना घरून पहिला प्रश्न हाच येतो. समुद्र लांब आहे, हे खरं. पण वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. याच उपसागराच्या ओडिशातल्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली ऑलिव्ह रिडले कासवीण २०२५ मध्ये कोकणातल्या गुहागरला अंडी घालताना आढळली. आपल्या नदीचं पाणी आणि पुरात वाहून गेलेलं प्लास्टिक शेवटी याच कासवांच्या समुद्रात पोचतं.

शिक्षणासाठीही थेट कोकण गाठावं लागत नाही. मत्स्यविज्ञान महाविद्यालय शेजारी नागपुरातच आहे. चार वर्षांच्या या पदवीत प्रत्यक्ष कामाचा अनुभव अभ्यासक्रमाचाच भाग असतो. मात्र ही पदवी घेतली की प्राण्यांवर उपचार करता येतात, ही समजूत चुकीची आहे. उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकच करतो आणि त्याचं शिक्षण वेगळं. दोन्ही वाटा चांगल्या आहेत; प्रवेश घेण्याआधी फरक समजून घ्या.

सर्वांत मोठा गैरसमज कामाच्या स्वरूपाबद्दल आहे. डॉल्फिनसोबत खेळायला मिळेल, या आशेनं कुणी जाऊ नये. भारतात डॉल्फिनच्या खेळांच्या केंद्रांना २०१३ पासून परवानगी नाही, आणि हा निर्णय योग्यच आहे. प्रत्यक्ष काम वेगळंच असतं. डहाणूला जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. तुटक्या जाळ्यांत अडकून पाय गमावलेली कासवं अशा ठिकाणी येतात. काहींच्या शरीरात हवा अडकलेली असते. ती एका अंगानं कलंडून तरंगतात, त्यांना बुडी मारता येत नाही. अशा केंद्रात शिकाऊ विद्यार्थ्याच्या वाट्याला टाकी घासणं, पाणी बदलणं, क्षारता तपासणं, मासळी कापणं ही कामं येतात. कासवानं किती खाल्लं, किती टाकलं, वजन किती भरलं, हे रोज लिहायचं. डॉक्टर पुढचा उपचार ठरवताना हीच वही उघडतात, म्हणून या कामाला हलकं समजू नये.

किनाऱ्यावर आलेलं कासव लगेच पाण्यात ढकलावं, असं पुष्कळांना वाटतं. अंडी घालायला आलेली मादी आपली आपण परत जाते. आजारी कासवाला मात्र श्वासासाठी डोकं वर काढण्याचीही ताकद नसते आणि ते बुडून मरू शकतं. त्याला सावलीत ठेवून वनविभागाला कळवायचं. ही कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे परवानगीशिवाय त्यांना हाताळणं किंवा सेल्फीसाठी उचलणं गुन्हा ठरू शकतो. लोकांना हे शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगणं हाही या प्रशिक्षणाचा भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत अवघड.

या सगळ्या कामाची तयारी गावातच होते. भंडारा हा तलावांचा जिल्हा. मामा (माजी मालगुजारी) तलावात आणि बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, कोणता मासा कधी अंडी घालतो, हे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या जाणत्यांना पाठ असतं. विद्यार्थ्यांनो, अशा केंद्रात प्रशिक्षणासाठी अर्ज करण्याआधी एक पावसाळा त्यांच्यासोबत तलावावर जा, रोजची नोंदवही ठेवा आणि मुलाखतीला ती घेऊन जा.