परीक्षेची भाषा (लेखांक ९) : ज्याला जास्त ठाऊक, तो अडखळतो

गेल्या आठवड्यात ‘वरीलपैकी सर्व’ या पर्यायामुळे उत्तर कसे आयते हाती पडते ते आपण पाहिले. आज बहुपर्यायी प्रश्नांचीच एक परीक्षा घेऊ, पण अशी, की तिथल्या ढिसाळ शब्दाची किंमत गुणपत्रिकेवर संपत नाही. ही परीक्षा आहे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातली, बंदूक विकत घेऊ पाहणाऱ्यांसाठीची.

आपल्याकडे शस्त्रपरवाना म्हटले की जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडचा अर्ज आणि पोलिसांची चौकशी डोळ्यांपुढे येते. कॅलिफोर्नियात पार्श्वभूमीची तपासणी आहेच, पण तिच्याआधी एक लेखी चाचणी आहे. २००३ पासून ती फक्त पिस्तूल-रिव्हॉल्वरसाठी होती. १ जानेवारी २०१५ पासून रायफल आणि शॉटगनही तिच्या कक्षेत आल्या आणि प्रमाणपत्राचे नाव ‘फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेट’ झाले. प्रश्न ३०. काही चार पर्यायांचे, काही ‘चूक की बरोबर’ स्वरूपाचे. उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के, म्हणजे किमान २३ उत्तरे बरोबर हवीत. शुल्क २५ डॉलर, मुदत पाच वर्षे. राज्याच्या न्याय विभागाने प्रमाणित केलेला प्रशिक्षक ती घेतो, आणि पुष्कळदा बंदुकीच्या दुकानातच घेतो. नापास झालेल्याला २४ तास थांबून दुसरी प्रश्नपत्रिका सोडवता येते. हे प्रमाणपत्र म्हणजे शस्त्र खिशात घेऊन हिंडण्याचा परवाना नव्हे. खरेदीच्या दारातली ती पहिली पायरी आहे.

तीस प्रश्नांत सात चुका माफ, आठवी झाली की नापास. आता समजा, या तिसांतले चार प्रश्न मोघम आहेत. ते चुकले, तर अभ्यास केलेल्या माणसाकडे खऱ्या चुकांसाठी उरते फक्त तीनची सवलत. छोट्या प्रश्नपत्रिकेत एकेका शब्दाचे वजन असे वाढते. शंभर प्रश्नांच्या परीक्षेत जे खपून जाईल, ते इथे निकाल फिरवते.

पुढे दिलेले नमुने मी स्वतः बेतले आहेत, प्रत्यक्ष प्रश्नपत्रिकेतून उचललेले नाहीत. त्यातला विषय मात्र त्या राज्याच्या कायद्यातला आणि अभ्यासक्रमातला आहे.

पहिला नमुना : “मॅगझिन काढून घेतले की पिस्तुलातून गोळी सुटू शकत नाही. चूक की बरोबर?”

अपेक्षित उत्तर ‘चूक’, आणि ते जिवाशी गाठ असलेले उत्तर आहे. अर्धस्वयंचलित पिस्तुलात स्लाइड मागे ओढून सोडली की मॅगझिनमधली वरची गोळी चेंबरमध्ये जाऊन बसते. त्यानंतर मॅगझिन बाहेर काढले तरी ती गोळी जागची हलत नाही. पिस्तूल हलके लागते, मुठीत पोकळी दिसते, ते रिकामे वाटते. चाप ओढला की गोळी सुटते. ‘रिकाम्या’ पिस्तुलाने झालेल्या कितीतरी अपघातांचे मूळ या एका गैरसमजात आहे. म्हणून हा मुद्दा परीक्षेत हवाच.

पण जाणकार उमेदवार हे वाक्य वाचून थबकतो. त्याला ठाऊक असते की काही पिस्तुलांत मॅगझिन नसताना चाप निकामी करणारा अडसर बसवलेला असतो. १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये तो होता. खुद्द कॅलिफोर्नियाच्या कायद्याने २००७ पासून राज्याच्या मान्य यादीत नव्याने येणाऱ्या सेंटरफायर पिस्तुलांना असा अडसर असावा अशी अट घातली. आधीपासून यादीत असलेल्या मॉडेलांना ती लागू नव्हती. मग प्रश्नातले ‘पिस्तूल’ कोणते? नवे की जुने? वाक्य सर्व पिस्तुलांविषयी आहे की एखाद्याविषयी? ज्याने फक्त पुस्तिका चाळली आहे तो क्षणात ‘चूक’वर खूण करतो. ज्याला यंत्र आतून ठाऊक आहे तो पेन हातात धरून बसतो.

हाच प्रश्न असा विचारता येईल : “तुम्ही पिस्तुलाचे मॅगझिन काढले आहे, पण चेंबर उघडून पाहिलेले नाही. हे पिस्तूल रिकामे समजून हाताळावे का?” आता अडसर असो वा नसो, उत्तर एकच : नाही. पहिला प्रश्न यंत्राबद्दल सरसकट विधान करत होता, दुसरा माणसाच्या वागण्याबद्दल विचारतो. परीक्षेला तपासायचे आहे ते वागणेच. प्रश्न बांधणाऱ्याने हा फरक आधी स्वतःपाशी स्पष्ट केला, तर निम्मे घोटाळे कागदावर उतरायच्या आतच मिटतील असे मला वाटते.

दुसरा नमुना कायद्याचा. “कॅलिफोर्नियात खासगी व्यक्तीने बंदूक दुसऱ्याला देताना व्यवहार परवानाधारक विक्रेत्यामार्फतच झाला पाहिजे. चूक की बरोबर?” सर्वसाधारण नियम तसाच आहे, म्हणून छापील उत्तर ‘बरोबर’ असणार. पण आईवडील आणि मुले, आजीआजोबा आणि नातवंडे, पती-पत्नी यांच्यातल्या देवघेवीला सूट आहे. तिथे विक्रेता मध्ये लागत नाही, मात्र ज्याला शस्त्र मिळाले त्याने ३० दिवसांत राज्याला कळवायचे असते. ज्याला वडिलांची बंदूक मिळाली आहे, ज्याने हा नियम नीट वाचून पाळला आहे, तोच प्रश्नातल्या ‘च’पाशी अडखळेल आणि प्रामाणिकपणे ‘चूक’ म्हणेल. त्याचा गुण जाईल. ‘एकमेकांशी नाते नसलेल्या दोन व्यक्तींमध्ये’ एवढे पाच शब्द घातले असते तर गेला नसता.

तिसऱ्या नमुन्यात संख्या आहे, आणि संख्येच्या प्रश्नाकडे कुणी संशयाने बघत नाही. “बंदूक हरवली किंवा चोरीला गेली, तर किती दिवसांत पोलिसांना कळवावे?” उत्तर पाच दिवस, १ जुलै २०१७ पासून तसे बंधन आहे. पण पाच दिवस मोजायचे कुठून? कायद्यात ते हरवल्याच्या दिवसापासून नाहीत. मालकाला कळले तेव्हापासून, किंवा सावध माणूस म्हणून कळायला हवे होते तेव्हापासून आहेत. महिनाभर परगावी राहून परतलेल्याला कपाट फोडलेले दिसले, तर त्याची मुदत त्या दिवशी सुरू होते. प्रश्नात हा आरंभबिंदू नसला, तर परीक्षेने एक अंक घोकून घेतला आणि कायदा शिकवायचाच राहिला. शिवाय इथले ‘कळवावे’ हे सुचवणे आहे की बंधन? सुरक्षिततेचा सल्ला आणि कायद्याचा हुकूम एकाच प्रश्नपत्रिकेत शेजारी-शेजारी येतात, तेव्हा ‘कळवणे चांगले’ आणि ‘कळवणे कायद्याने बंधनकारक’ हे वेगळे लिहिलेच पाहिजे.

नकारार्थी प्रश्नांबद्दल या लेखमालेत पूर्वी विस्ताराने लिहिले आहे, म्हणून इथे थोडक्यात. “पुढीलपैकी कोणते कृत्य असुरक्षित नाही?” असे विचारून त्याखाली “कुलूप न लावता न भरलेली बंदूक ठेवणे” असा पर्याय दिला, की बंदुकीची परीक्षा बाजूला पडते आणि नकार मोजण्याची परीक्षा सुरू होते.

त्यापेक्षा वेगळी अडचण आहे ‘नेहमी’ आणि ‘कधीच नाही’ या शब्दांची. शाळा-कॉलेजात बहुपर्यायी परीक्षा दिलेल्या प्रत्येकाच्या अंगवळणी एक युक्ती पडलेली असते : पर्यायात ‘नेहमी’ आले की तो बहुधा चुकीचा, ‘सहसा’ आले की बरोबर. इतर विषयांत ही युक्ती बरीच चालते, कारण जगात अपवाद असतातच. पण बंदूक हाताळण्याचे नियम मुद्दामच बिनअपवादाचे केलेले आहेत. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजूनच ती हाताळा. नळी नेहमी सुरक्षित दिशेला. गोळी झाडायची तयारी होईपर्यंत बोट चापावर नको. अ‍ॅरिझोनात १९७६ साली गनसाइट ही प्रशिक्षण संस्था काढणाऱ्या जेफ कूपर यांनी यातला पहिला नियम तर याहून कडक मांडला : त्यांच्या मते बंदुका भरलेल्याच असतात. शब्दशः पाहता हे विधान खोटे आहे, आणि सवय लावण्यासाठी ते हेतुपूर्वक तसे ठेवले आहे. आता हेच विधान ‘चूक की बरोबर’मध्ये टाकले तर? शब्दावर बोट ठेवणारा ‘चूक’ म्हणेल, नियम अंगी बाणलेला ‘बरोबर’ म्हणेल, आणि दोघेही शस्त्र सारख्याच काळजीने धरणारे असतील. नियम शिकवताना अतिशयोक्तीचा उपयोग होतो. प्रश्न विचारताना तीच भाषा उचलली, की एकाला विनाकारण फटका बसतो.

सगळ्यात जोखमीचा भाग प्राणघातक बळाच्या वापराचा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानेच हा विषय या परीक्षेत सक्तीचा केला आहे. “घरात शिरलेल्या चोरावर गोळी झाडता येते का?” या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो अपुरा आहे. तो बळजबरीने घुसला का, घरच्यांच्या जिवाला धोका होता का, की सामान घेऊन तो पाठ फिरवून पळत होता? कॅलिफोर्नियात नुसत्या मालाच्या चोरीसाठी जीव घेणे समर्थनीय ठरत नाही. टेक्सासच्या दंडसंहितेत रात्रीच्या वेळी होणारी चोरी रोखण्यासाठी, काही अटी पूर्ण होत असतील तर, प्राणघातक बळाला वाव आहे. एका राज्यातून दुसऱ्यात राहायला गेलेला माणूस जुने उत्तर डोक्यात घेऊन बसतो. अशा प्रश्नात घटना, वेळ आणि धोका तीन ओळींत लिहिण्याचा कंटाळा करता कामा नये. इथे मोघम प्रश्नाने मोघम समज पक्की होते, आणि ती समज पुढे एखाद्या रात्री वापरली जाण्याची शक्यता असते.

शब्दांच्या चुकांनी निकाल खरोखर बदलतो का? बंदुकीच्या परीक्षेबाहेरचा, पण नेमका पुरावा आहे. स्टीव्हन डाउनिंग यांनी २००५ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या चार परीक्षा तपासल्या. उमेदवारांची उत्तरे न दाखवता तीन तज्ज्ञांकडून त्यांनी प्रश्नांची छाननी करवली. प्रश्नलेखनाचे सर्वमान्य नियम मोडणारे प्रश्न निरनिराळ्या परीक्षांत ३६ ते ६५ टक्के निघाले. नीट प्रश्नांवर ६४६ विद्यार्थी उत्तीर्ण ठरत होते, सदोष प्रश्नांवर ५७५. ज्ञान तेच, विद्यार्थी तेच.

अमेरिकेत या मुद्द्याला आता घटनात्मक धारही आली आहे. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कची मर्जीवर चालणारी परवाना पद्धत रद्द केली. पार्श्वभूमीची तपासणी किंवा सुरक्षा अभ्यासक्रम मागणाऱ्या राज्यांच्या पद्धतींना मात्र धक्का लावला नाही. अधिकाऱ्यांनी मोजके, वस्तुनिष्ठ आणि निश्चित निकष लावावेत ही त्यामागची अपेक्षा. त्यानंतर न्यूयॉर्कने शस्त्र बाळगून फिरणाऱ्यांसाठी १६ तासांचे वर्ग, दोन तासांचा प्रत्यक्ष गोळीबार आणि लेखी परीक्षेत ८० टक्के अशी अट घातली. कॅलिफोर्नियानेही २०२४ पासून अशा परवान्यासाठी किमान १६ तासांचे प्रशिक्षण आणि लेखी परीक्षा आणली. परीक्षा आता अधिकाऱ्याच्या मर्जीच्या जागी बसली आहे. अशा परीक्षेतला दोन उत्तरांचा प्रश्न त्या मर्जीलाच मागल्या दाराने आत घेतो, आणि म्हणून बंदुकांचा प्रसार आवडणारा असो की न आवडणारा, दोघांनीही याची चिंता करायला हवी. अपात्र माणूस अंदाजाने पार होणे आणि पात्र माणूस शब्दाने अडणे, ही दोन्ही नुकसाने एकाच कारणातून होतात.

भाषेचा आणखी एक पदर आहे. कॅलिफोर्नियाची ही परीक्षा इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये तयार होते. या दोन्ही भाषा वाचता न येणाऱ्याला दुभाष्याच्या मदतीने तोंडी परीक्षा देता येते. सॅन होजे, फ्रीमाँटच्या परिसरात मराठी घरे पुष्कळ आहेत, आणि नोकरी करणारी पिढी इंग्रजीतच परीक्षा देणार. पण कुणा मराठी माणसासाठी दुभाषा बसलाच, तर मोघम प्रश्न सांगताना त्याला एक अर्थ निवडावाच लागेल. नकळत तो उत्तरही सुचवून जाईल.

हे सुधारण्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. लोकसेवा आयोगाची पहिली उत्तरतालिका, त्यावरच्या हरकती, आणि मग रद्द झालेल्या प्रश्नांसह येणारी अंतिम उत्तरतालिका हा क्रम आपल्याकडच्या उमेदवारांना पाठ आहे. बंदुकीच्या परीक्षेतही, प्रश्न गुप्त ठेवून, वगळता येण्याजोगे प्रश्न हुडकता येतात. प्रत्येक प्रश्नाला दोन गट करून पाहायचे : एकूण गुण भरपूर मिळवणारे आणि एकूण गुण कमी मिळवणारे. ज्या प्रश्नावर पहिला गट दुसऱ्यापेक्षा जास्त चुकतो, तो प्रश्न उमेदवारांबद्दल उलटेच सांगत असतो आणि तो पेटीतून काढायला हवा. मॅगझिनचा प्रश्न या चाळणीत सापडेल असा माझा अंदाज आहे. या पडताळणीला भेददर्शक निर्देशांक म्हणतात. पुढच्या आठवड्यात एका काल्पनिक वर्गाचे आकडे घेऊन तो हाताने कसा काढायचा ते पाहू.