उन्हावर चालणारं शीड

२१ मे २०१० रोजी जपानच्या तानेगाशिमा बेटावरून रॉकेट उडालं, त्यातला मानाचा प्रवासी होता शुक्राकडे निघालेला ‘अकात्सुकी’. सोबत ‘इकारोस’ नावाचं ३१० किलोंचं प्रायोगिक यान होतं. त्याला पुढे ढकलायला इंजिन नव्हतं, शीड होतं.

प्रकाशाला वस्तुमान नसलं तरी संवेग असतो. आरशावर आपटून परतताना तो आरशाला ढकलतो. हा रेटा किती? इकारोसवर मोजला गेला तो १.१२ मिलिन्यूटन, म्हणजे तळहातावर तांदळाचे पाचेक दाणे ठेवल्यावर जाणवेल (खरं तर जाणवणारही नाही) एवढा. पण तो रात्रंदिवस मिळतो आणि त्यासाठी इंधनाचा थेंबही जळत नाही. सहा महिन्यांत त्यातून सेकंदाला सुमारे १०० मीटर वेग जमला.

खरी कसोटी होती ती शीड उघडण्याची. बाजू १४ मीटर, जाडी साडेसात मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा भाग. अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला हा पॉलिइमाइडचा पडदा यानाभोवती गुंडाळलेला होता. तो ताणून धरायला काठ्या नाहीत, चारी कोपऱ्यांना अर्ध्या-अर्ध्या किलोची वजनं तेवढी. यान गरागरा फिरवलं की वजनं बाहेर ओढली जात. आधी पट्ट्या हळूहळू सुटून फुली झाली, मग अडसर काढले आणि क्षणार्धात चौकोन पसरला. यानाने बाहेर सोडलेल्या दोन चिमुकल्या कॅमेऱ्यांनी त्याचे फोटो काढले.

मला मात्र सगळ्यात चलाखीची वाटते ती दिशा बदलायची युक्ती. शिडाच्या कडेला द्रवस्फटिकाच्या पट्ट्या होत्या. वीज दिली-काढली की त्यांची चमक बदले, दोन्ही बाजूंचा रेटा असमान होई आणि यान सावकाश कलत जाई. सुकाणू म्हणून हलणारा एकही भाग नाही!

प्रकाशाचा हा दाब आपल्याकडेही जुना परिचयाचा. इन्सॅट-२ मालिकेतल्या काही उपग्रहांचे सौरपंख एकाच बाजूला असत. त्यामुळे येणारा कल सावरायला दुसऱ्या बाजूला लांब दांड्यावर शीड लावलेलं असे. तिथे ऊन ही कटकट होती, इथे तेच भांडवल.

७ डिसेंबर २०१० रोजी अकात्सुकीचं रासायनिक इंजिन ऐनवेळी दगावलं आणि शुक्राची कक्षा हुकली. ती त्याला पाच वर्षांनी, छोट्या थ्रस्टरांवर साधली. इकारोस दुसऱ्याच दिवशी शुक्राजवळून ठरल्याप्रमाणे पुढे गेलं. अर्थात त्याला तिथे थांबायचंच नव्हतं, म्हणून ही तुलना थोडी अन्यायाचीच.

शिवाय सूर्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की रेटा चौथाईवर येतो. म्हणून गुरूच्या कक्षेतल्या ट्रोजन लघुग्रहांसाठी जपानने आखलेल्या ‘ओकेआनोस’ मोहिमेत ४० मीटर बाजूच्या शिडावर सौरपत्रे चिकटवून त्या विजेवर आयन इंजिन चालवायचं होतं. पण २०१९ मध्ये तिच्याऐवजी निवड झाली ती ‘लाइटबर्ड’ या अंतराळ दुर्बिणीची.