शिरक्यात मुरवलेला कसावा

ज्या कंदाच्या पिष्टापासून आपला उपवासाचा साबुदाणा सिद्ध होतो, तो कसावा १४९३ साली कोलंबस पोर्तो रिको बेटावर उतरण्यापूर्वीपासूनच तेथील ताइनो लोकांच्या आहाराचा आधार होता. पुढे स्पॅनिश अंमलात शिरक्यात पदार्थ मुरवण्याची रीत तेथे पोहोचली आणि या दोहोंच्या संयोगातून हे रुचकर तोंडीलावणे निर्माण झाले.

कंदातील लिनामारिन हे द्रव्य, पेशी चिरल्या जाताच, कंदातल्याच विकराच्या क्रियेने विघटित होऊन विषारी हायड्रोजन सायनाइड मोकळे करते. म्हणून गोड जातीचा कंद घेऊन, साल व मधला चिवट दोर काढून, तुकडे उघड्या भांड्यात मुबलक मिठाच्या पाण्यात मऊ शिजवावे व ते पाणी टाकून द्यावे, असा शिरस्ता आहे. कारण हे विष सुमारे २६ अंश सेल्सिअसलाच उकळून वाफेबरोबर निघून जाते, आणि विरघळलेले लिनामारिन पाण्याबरोबर.

नंतर ऑलिव्ह तेलात कांद्याच्या चकत्या, लसूण, तमालपत्र व अख्खे मिरे मंद आचेवर परतून, शिरका घालून, ते मिश्रण निथळलेल्या तुकड्यांवर ओतावे व रात्रभर मुरू द्यावे. शिरका आरंभीच घातल्यास मात्र आम्लामुळे पेशीभित्तिकांतील पेक्टिन सहजी विरघळत नाही व कंद टणक राहतो. तेव्हा आधी पाणी, मग आम्ल, हाच क्रम शास्त्रशुद्ध होय.