धावतो एक, दमतात चौघे

गणपतीच्या जेवणाची पंगत उठता उठता संपादकांनी आम्हाला गाठले आणि म्हणाले, "तुम्ही एवढे धावता, त्यावर दोन पानं लिहा की. नोकरी, दोन मुलं आणि हे सगळं कसं जमवता तेही लिहा. आपल्या सभासदांना उपयोग होईल." शेजारी उभी असलेली आमची सौ. एवढ्या मोठ्याने हसली, की वाढणाऱ्याच्या हातातला मठ्ठा हिंदकळला. ती का हसली ते प्रामाणिकपणे सांगायचे, तर दोन पाने पुरतील की नाही शंकाच आहे.

आधी आमची लायकी सांगतो. वय पंचेचाळीस, उंची बेताची, मुक्काम पोस्ट स्लाउ. पुण्यात शाळेत असताना पीएमटीच्या बसमागे धावलो, तेवढाच पूर्वानुभव. आमच्या नातेवाइकांत कोणी कधी हौसेने धावल्याचे ऐकिवात नाही. आईला फोनवर पहिल्यांदा सांगितले, तेव्हा तिने काळजीने विचारले, "का रे, कोण मागं लागलं होतं?"

मागे लागला होता तो एक आकडा. इंग्लंडात चाळिशीनंतर दर पाच वर्षांनी सरकारी दवाखान्यातून तब्येतीच्या तपासणीचे बोलावणे येते. ते पत्र आपण फ्रिजवर चिकटवतो आणि त्यावर पिझ्झाचे कूपन लावतो. २०२२ साली आम्ही एकदाचे गेलो. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी नावाची तपासणी असते. तिचा आकडा ४२ ते ४७ आला की माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ४८ आला की घरात. आमचा ४४ आला. वर नर्सबाईंनी सांगितले, की उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, त्यात गोऱ्या माणसाला २५ पर्यंत काळजी नसते, पण तुम्हा दक्षिण आशियाई लोकांना धोका २३ पासूनच सुरू होतो. आमचा २६ होता. आमचे वडील चोपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, हे त्यांनी फॉर्मवर लिहून घेतले आणि पुढे काही बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायला हवे होते असेही नाही.

मग आम्ही ते 'काउच टू फाइव्ह के' सुरू केले. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात एक मिनिट धावायचे, दीड मिनिट चालायचे. हे एक मिनिट किती लांब असते ते स्वतः धावल्याशिवाय कळत नाही. आम्ही अंधार पडल्यावर धावायचो, कारण मंडळातले कोणी बघेल ही भीती. पाचव्या आठवड्याच्या शेवटी एकदम वीस मिनिटे सलग धावावे लागते. ती झाली तेव्हा रस्त्याच्या कडेला उभे राहून आम्ही चक्क डोळे पुसले. हे सौ.ला अजून सांगितलेले नाही, तिला हा अंक वाचूनच कळेल.

त्यानंतर पार्करन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण फुकट आणि चांगली अशी गोष्ट या देशात क्वचित मिळते. दर शनिवारी सकाळी नऊ वाजता गावोगावच्या बागांत पाच किलोमीटर धावतात किंवा चालतात. नाव एकदाच नोंदवायचे, बारकोड छापून न्यायचा, पैसे शून्य. याची सुरुवात २ ऑक्टोबर २००४ रोजी टेडिंग्टनजवळच्या बुशी पार्कात तेरा धावपटूंनी केली. सगळी व्यवस्था स्वयंसेवक बघतात. सर्वांच्या मागून एक स्वयंसेवक मुद्दाम सावकाश चालत येतो, त्यामुळे शेवटचा नंबर आपला कधीच येत नाही. पहिल्या शनिवारी या सोयीचा आम्ही पुरेपूर फायदा घेतला.

इथवर सगळे छानच होते. वजन उतरले, आकडा ३९ वर आला. बिघडले ते पुढे, आम्हाला शर्यतींची चटक लागली तेव्हा. पाचाचे दहा किलोमीटर झाले, दहाचे एकवीस. हाफ मॅरेथॉनची तयारी म्हणजे रविवारी सकाळी दोन-अडीच तास घराबाहेर. परत आल्यावर आंघोळ, पोटभर नाश्ता, आणि मग 'जरा पाठ टेकतो' म्हणून दुपारी तीनपर्यंत झोप. घरी आठ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. आई, सासू-सासरे सगळे पुण्यात. इथे आजी खालच्या मजल्यावर राहत नाही आणि शेजारच्या काकूंकडे पोर टाकून जाता येत नाही. म्हणजे ते तास कोणीतरी भरून काढत होते. पण तो हिशेब आम्ही कधी मांडला नव्हता.

२०२३ च्या सप्टेंबरात, गणपतीच्या आठवड्यातला रविवार. आमची हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या अंतरावरच्या एका गावात सकाळी नऊला होती आणि मंडळाचा कार्यक्रम दुपारी अडीचला. कन्या त्यात एकटी उभी राहून मनाचे श्लोक म्हणणार होती. महिनाभर रोज संध्याकाळी ती व्हिडिओवर आजीकडून उच्चार घासूनपुसून घेत होती. आम्ही कागदावर गणित केले: साडेअकराला शर्यत संपेल, बाराला गाडी निघेल, दोनला हॉल. सौ. म्हणाली, "राहू दे ना एवढी एक." आम्ही म्हणालो, "अगं, अर्धा तास हाताशी आहे."

गणितात रस्ते धरले नव्हते. शेतातल्या पार्किंगमधून बाहेर पडायलाच तास गेला, पुढे मोटरवेवर गाड्यांची रांग. हॉलमध्ये शिरलो तेव्हा तीन चाळीस झाले होते. गळ्यात मेडल, अंगावर मीठ आलेला टीशर्ट आणि समोर स्टेजवर नाटुकले चालू. पहिल्या रांगेत सौ.च्या शेजारची खुर्ची रिकामी होती. नंतर कळले, की ती कन्येने धरून ठेवली होती, अध्यक्षांच्या पाहुण्यांनासुद्धा बसू दिले नव्हते. ती रडली नाही, रुसली नाही. आमच्या मेडलकडे बघून तिने विचारले, "बाबा, पहिला आलास?"

"नाही गं. १,८४६ वा."

"मग?"

या 'मग'चे उत्तर आमच्याकडे नव्हते. अजूनही नीटसे नाही.

त्या रात्री भांडण झाले नाही, झाले असते तर बरे होते. सौ.ने फक्त स्वयंपाकघरातले कॅलेंडर काढले आणि सप्टेंबरच्या पानावर पेनने तास लिहायला सुरुवात केली. धावणे आठवड्याला पाच तास. त्यासाठीची झोप तीन तास. 'पाय दुखतात म्हणून मुलाला उचलत नाही', याला तिने वेगळा रकाना केला. बूट, घड्याळ आणि वेग या विषयांवर बोलणे: सहा तास. "धावतोस त्यापेक्षा बोलतोस जास्त," ती म्हणाली. मग खाली एक ओळ लिहिली: 'रविवारचे भजन, बंद.' दर रविवारी सकाळी चार-पाच जणी एकीच्या घरी जमून पेटी-तबल्यावर गातात, त्यात ती सहा वर्षे जात होती. आमच्या लांब पल्ल्याच्या धावण्यापायी तिने सहा महिन्यांपूर्वी ते सोडले होते. एका घरात राहून आम्हाला ते कळले नव्हते. पेटी कपाटावर गेलेली बघितली होती, पण वाटले, जागा केली असेल.

अशा वेळी लोक हमखास सल्ला देतात, "वहिनींनाही धावायला न्या की!" आम्हीही तोच शहाणपणा केला. ती म्हणाली, "अरे, मला धावायचं नाहीये. मला तुझ्यासारखे दोन तास हवेत, ज्यात मला कोणी हाक मारणार नाही."

तेव्हापासून घरात करार आहे. धावून रविवारी सकाळी आठला घरात हजर. नऊ वाजता दोन्ही मुलांना घेऊन ज्युनिअर पार्करनला जायचे. हे चार ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी असते, दोन किलोमीटरचे. तिथून परस्पर मराठी शाळा. पेटी कपाटावरून खाली आली.

हा करार टिकेल की नाही याची खरी परीक्षा २०२४ च्या उन्हाळ्यात आली. २०२५ च्या लंडन मॅरेथॉनसाठी आठ लाखांहून अधिक लोकांनी अर्ज केले होते आणि सोडतीत आमचे नाव निघाले. ईमेल वाचून आम्ही ते दोन दिवस कोणाला सांगितले नाही. मग जेवणाच्या टेबलावर सांगितले आणि नको म्हणालात तर नाही, असेही म्हणालो. सौ.ने विचारले, "आठची वेळ बदलणार नाही ना?" कन्येने विचारले, "तेव्हा माझं काही आहे का?" कॅलेंडर काढून बघितले. त्या दिवशी तिचे काही नव्हते.

आठला घरी यायचे म्हणजे साडेतीन तासांच्या सरावासाठी पहाटे साडेचारला बाहेर. जानेवारीत, कपाळाला दिवा लावून, जुबिली नदीच्या काठाने. ही आपली खरी नदी नव्हे, थेम्सच्या पुरासाठी खणलेला साडेअकरा किलोमीटरचा कालवा आहे, पण काठ सुरेख. तिथून विंडसरचा किल्ला जवळ. मॅरेथॉनचे अंतर असे विचित्र का, याचे उत्तर त्या किल्ल्यात आहे. पूर्वी ही शर्यत साधारण चाळीस किलोमीटरची असे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती किल्ल्याच्या आवारातून सुरू केली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवली, ते अंतर भरले २६ मैल ३८५ यार्ड. पुढे १९२१ मध्ये तेच कायम झाले. राजवाड्यातल्या मुलांना खिडकीतून सुरुवात दिसावी म्हणून ती तिथे ठेवली, असे सांगतात. पोरांच्या सोयीने शर्यत ठरवणारे लोक एकेकाळी होते तर!

अंधारात एकट्याने धावताना फौजासिंगांची आठवण यायची. पूर्व लंडनमधल्या इलफर्डचे हे पंजाबी आजोबा. मुलगा अपघातात गेल्यावर दुःख आवरण्यासाठी ते धावण्याकडे वळले आणि २००० साली, वयाच्या ८९ व्या वर्षी लंडन मॅरेथॉन धावले. २०११ मध्ये टोरांटोला शंभराव्या वर्षी धावले, पण जन्मदाखला नसल्याने गिनीज बुकात नाव लागले नाही. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या गावाजवळ एका गाडीने त्यांना उडवले. तेव्हा ते ११४ वर्षांचे होते. सगळे त्यांचे उदाहरण देतात, आम्हीही देतो. पण ते रिकाम्या झालेल्या घरातून धावायला निघाले होते. आम्ही भरल्या घरातून निघतो, आणि परत येईपर्यंत कोणीतरी मुलाचे दात घासून देत असते.

२७ एप्रिल २०२५. ऊन चांगलेच तापले होते. खाण्याचे म्हणाल तर आदल्या रात्री वरण-भात-दही आणि कमरेच्या पट्ट्यात खजूर व राजगिऱ्याची चिक्की. ते चिकट जेल आमच्या घशाखाली उतरत नाही. टॉवर ब्रिज ओलांडून उजवीकडे वळले की 'द हायवे' नावाचा रस्ता लागतो. तिथे तेराव्या मैलाला आणि परतताना बाविसाव्या मैलाला, असे दोनदा माणूस दिसतो. कुटुंबाने तिथे उभे राहायचे ठरले होते. तेराव्याला तिघेही दिसले. चिरंजीव सौ.च्या खांद्यावर, कन्येच्या हातात 'बाबा चल' असा देवनागरी फलक. आजूबाजूच्या इंग्रजांनाही त्यातले काही कळत नव्हते, पण तेही ओरडत होते.

अठराव्या मैलाला कॅनरी वॉर्फमध्ये मांडीत गोळा आला. चालत, थांबत, लंगडत बाविसाव्याला पोहोचलो ते केवळ तिघे तिथे आहेत या भरवशावर. तिथे कोणी नव्हते. कठड्यापाशी जाऊन बघितले, मागे फिरून बघितले, एका स्वयंसेवकाला विचारले. आणि खरे सांगतो, भयंकर राग आला. एवढे सांगितले होते, एवढे एक काम होते, असे पुटपुटत आम्ही दोनशे पावले गेलो असू. मग सप्टेंबरमधली ती खुर्ची आठवली आणि पुटपुटणे थांबले.

उरलेले चार मैल कसे गेले ते फारसे आठवत नाही. पाच तास अडतीस मिनिटे. हॉर्स गार्ड्सच्या मैदानावर आडनावाच्या अक्षराखाली तिघे बसली होती, चिरंजीव झोपलेले.

"तुम्ही नव्हता तिथे," आम्ही म्हणालो.

"होतो," कन्या म्हणाली. "चाळीस मिनिटं उभे होतो. ॲपमध्ये तू नुसता एका जागी दिसत होतास. मग याला शू लागली." थोडे थांबून तिने पुढे म्हटले, "तूच उशीर केलास."

सौ.ने डब्यातला थालीपीठाचा तुकडा पुढे केला आणि दुसरीकडे बघू लागली. हसत होती की काय, नीट दिसले नाही.

मेडल चिरंजीवांनी दुसऱ्या दिवशी शाळेत नेले आणि तिथेच विसरून आले, ते आठवड्याने सापडले. पुढच्या वर्षीचा अर्ज आम्ही भरला नाही. त्यापुढच्या वर्षीचे विचारू नका, अजून घरात विषय काढलेला नाही.

ज्या सभासदांना मुलांना घेऊन ज्युनिअर पार्करनला यायचे असेल त्यांनी रविवारी नऊला जरूर यावे. मुलांची नावे आधी नोंदवून बारकोड छापून आणा, फोनवरचा कधी कधी उमटत नाही. थंडीत हातमोजे लागतातच. आम्ही पिवळे जॅकेट घालून वळणावर उभे असतो. सौ. तिथे भेटणार नाही. तिचे त्या वेळी भजन असते, आणि तेव्हा तिला फोन करू नये.